मसाल्याच्या वासाच्या गोळ्या

माझं काम नेमकं काय आहे, हे आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अजून कळलेलं नाही. भोईवाड्यात कुणी विचारलं की त्या सांगतात, "सून हॉस्पिटलात आसा. गोळये मोजता." सांगताना सूर असा, की तिथे एवढी शिकलेली माणसं असूनही मोजायला शेवटी हिलाच बोलवावं लागतं. मी इतकी वर्षं त्यांना समजावायचा प्रयत्न केला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं वर्णनच बरोबर आहे हे मला हळूहळू पटत चाललं आहे.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात औषधांवर जे संशोधन चालतं, त्याची मी समन्वयक. संशोधन करणारे डॉक्टर एका बाजूला, ज्यांच्यावर करायचं ती माणसं दुसऱ्या बाजूला आणि मधे मी. डॉक्टरांना वाटतं मी पेशंटांना फितूर आहे. पेशंटांना वाटतं मी डॉक्टरांची हेर. नवरा आणि सासू यांच्यामधे तेवीस वर्षं काढलेल्या बाईला यात वेगळं प्रशिक्षण लागत नाही.

सध्या आमच्याकडे धमन्यांच्या सुजेचा अभ्यास चालू आहे. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना काही माणसांत सूज येते. जंतू शिरलेले नसतात, कुठे मार बसलेला नसतो. शरीराचं संरक्षण करणारं दलच काहीतरी गैरसमज करून घेऊन आपल्याच घरावर चालून जातं. सूज जुनी झाली की भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद. हाताकडे जाणारी वाट बुजत आली तर मनगटावर नाडीच लागत नाही. मी नवी होते तेव्हा अशाच एका बाईची नाडी बराच वेळ शोधली, सापडेना. शेवटी घाबरून तिलाच विचारलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "मला बरंय. तुम्ही जरा बसा, पाणी प्या."

सूज उतरवायची औषधं या सगळ्यांना चालूच असतात, ती आम्ही कुणाचीही थांबवत नाही. त्यावर आणखी एक गोळी देऊन काही फायदा होतो का, एवढंच बघायचं. ती गोळी म्हणजे बीटा ब्लॉकर. नाव भारदस्त असलं तरी औषध जुनं, तुमच्या घरातल्या रक्तदाबवाल्यांच्या डब्यात कदाचित असेलही. आपल्या शरीरात घाईगडबडीचा निरोप घेऊन फिरणारं एक रसायन असतं. साहेबांचा फोन आला, पोरगी घरी उशिरा आली, की ते हृदयाच्या दाराशी जातं आणि हृदय धावत सुटतं. बीटा ब्लॉकर म्हणजे त्या दारात खुर्ची टाकून बसलेला वॉचमन. "साहेब आराम करतायत, नंतर या." मग हृदय सावकाश चालतं, ठोकेही जरा हलके पडतात. आता सुजलेल्या भिंतीवर दर ठोक्याला बसणारा मार असा हलका केला, तर ती भिंत जास्त टिकते का? शिवाय ही गोळी मुळातल्या सुजेलाच थोडं शांत करते की काय, अशीही काही डॉक्टरांना शंका आहे. खरं काय ते माहीत नाही. आमच्या मॅडम पेशंटसमोर हे "माहीत नाही" इतक्या शांतपणे उच्चारतात, की समोरचा माणूस दचकतो. एवढ्या मोठ्या डॉक्टरला माहीत नाही म्हणजे काय!

माहीत करून घ्यायची आमची पद्धत म्हणजे मोठ्यांची आंधळी कोशिंबीर. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली. तिला आमच्या बाहेर पेशंट बसतात त्या बाकावर पिठाची गोळी म्हणतात. कुणाला कुठली, हे कंप्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. घेणाऱ्याला ठाऊक नसतं, मॅडमना नसतं, मला नसतं. खरीवाल्यांकडे आम्ही नकळत जास्त हसून बघू, किंवा पिठाच्या गोळीवाला मनातून खचेल, म्हणून हा बंदोबस्त. सगळं ठाऊक असतं ते फक्त तळमजल्यावर औषधं भरणाऱ्या देसाईंना. बिचारे कँटीनमध्ये एकटे जेवतात. कुणाच्या पेशंटचं नाव निघालं की सगळी टेबलं त्यांच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि ते वरणभाताकडे.

पण हृदयाला गप्प बसवणारी गोळी गुपित कशी राहणार? लालबागचे एक तावडे आमच्याकडे होते, ढोलपथकातले. बेतानं वाजवायचं, या अटीवर मॅडमनी त्यांना परवानगी दिली होती. मिरवणुकीतूनच त्यांचा फोन आला.

"ताई, सगळे घामाघूम झालेत. पोरं उड्या मारतायत. आणि माझं हार्ट असं चाललंय, जसा काय मी रेशनच्या लायनीत उभा आहे."

"बरं."

"मला खरी मिळालीय ना?"

"मला माहीत नाही, तावडे."

"तुम्ही हसताय."

"मी हसत नाहीये."

"आवाजावरून कळतं हो ताई."

अशी माणसं अंदाज बांधणार हे आम्ही धरूनच चालतो. म्हणून नाडी मोजणारी नर्स वेगळी आणि धमन्यांच्या सोनोग्राफीवर निकाल देणारे डॉक्टर वेगळे, त्या दोघांनी आपापसात पेशंटबद्दल बोलायचं नाही. तावडे मात्र त्या उत्सवानंतर अभ्यासातून बाहेर पडले. "बाकी वर्षभर काय सांगाल ते करतो," म्हणाले, "पण बाप्पा समोर असताना छाती धडधडली नाही, तर मी तिथे काय फक्त वजन उचलायला गेलो?" त्यांची नेहमीची औषधं चालू आहेत, दिसले की हात करतात. चांगला माणूस गेला हातातून, याची हळहळ आहेच.

आता मुख्य गोष्ट. ती दोघींची आहे. नावं मी बदलली आहेत. दोघींनी हे लिहायला परवानगी दिली, एकीने फक्त एवढी अट घातली, की मसाला उत्तम होता हे लिहायचं. मसाला उत्तम होता.

विद्या परब लालबागची. मसाला कांडून द्यायचं दुकान चालवते, चाळिशी ओलांडलेली, आवाज कांडपयंत्राच्या वरचा. उजवा हात दुखायचा, उभ्या उभ्या चक्कर यायची. कित्येक वर्षं कुणी ऍसिडिटी म्हणालं, कुणी टेन्शन, कुणी वजनावर बोट ठेवलं. सुनंदा कांबळे डिलाईल रोडची, तिच्याहून लहान, दादरच्या एका शाळेत गणित शिकवते. फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळायचा. ती डावरी आहे आणि तिचा डावाच हात गेला होता. तिला एका डॉक्टरांनी लग्न करा असं औषध सांगितलं होतं. रोग सापडला तेव्हा दोघींनाही सांगण्यात आलं, की हा फार दुर्मीळ आजार आहे. दुर्मीळ हा शब्द डॉक्टर लोक जरा कौतुकानेच उच्चारतात. ज्याला तो होतो त्याला त्याचा अर्थ एवढाच कळतो, की आपण एकटे आहोत.

आणि मग एके दिवशी या दोघी आमच्या बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या. मी दारात होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुमची कुठली नाडी गेली?" विद्याने विचारलं. दुसऱ्या कुठल्याही बाकावर हा प्रश्न विचारला असता तर मारामारी झाली असती.

"डावी. तुमची?"

"उजवी."

दोघींनी हात शेजारी धरून पाहिले. "म्हणजे दोघी मिळून एक धड बाई आहोत," सुनंदा म्हणाली, आणि त्या अशा हसत सुटल्या की आतून नर्स ओरडली.

त्या दिवसापासून दोघींना तपासणीची तारीख एकच हवी असायची. मी द्यायचे. नियमात कुठे बसत नाही असं नव्हतं, आणि एकीने येताना दुसरीसाठी काहीतरी आणलं की माझाही वाटा असायचा.

दर खेपेला पेशंट गोळ्यांची बाटली परत आणतात. उरलेल्या मी मोजते आणि नवी बाटली देते. (आईंचं म्हणणं बरोबर आहे, ते असं.) त्या दिवशी सुनंदाची बाटली उघडली, आत डोकावले आणि शिंकले. पुन्हा डोकावले, पुन्हा शिंकले. तिसऱ्या शिंकेला डोळ्यांतून पाणी आलं. सूज उतरवायच्या औषधांनी सुनंदाचं पोट नाजूक झालेलं, ती ताकभातावर जगणारी बाई. आणि बाटलीतून धने, दगडफूल आणि संकेश्वरी मिरची असा भरगच्च मालवणी वास. गोळ्यांच्या कडाही किंचित लालसर. दर मे महिन्यात आमच्या घरात हा वास भरलेला असतो, माझी चूक होणं शक्य नव्हतं.

"सुनंदा, या गोळ्यांना मसाल्याचा वास कसा?"

सुनंदाने विद्याकडे बघितलं. विद्या पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

"विद्या?"

"डबा धुतला होता गो ताई," विद्या म्हणाली. "पण मसाल्याचा डबा तो, धुवून वास जातो थोडाच?"

"कसला डबा?"

मग ते बाहेर आलं. लालबागला मसाला करायची एक रीत आहे, भागीतला मसाला. चारपाच घरच्या बायका मिळून मिरच्या आणतात. कुणाची मिरची जहाल निघते, कुणाची नुसती रंगाला. म्हणून सगळ्यांची एकत्र घालून कांडायची आणि सारखी वाटून घ्यायची, म्हणजे एकीच्या घरी आग आणि दुसरीच्या घरी भुसा असं होत नाही. विद्याचा जन्म यात गेलेला. दोघींपैकी एकीला खरी गोळी आणि एकीला पिठाची मिळाली असेल, हा विचार तिला सहन होईना. तिने दोन्ही बाटल्या एका डब्यात ओतल्या, डबा हलवला आणि मापाने दोन वाटे केले. मागच्या तपासणीनंतर हे चालू होतं.

मी बाटलीला झाकण लावलं. "अगं, ही काय मिरची आहे? या गोळीची सवय झालेलं हृदय, ती अचानक सुटली तर उधळतं. एक दिवस गोळी, एक दिवस पीठ! आणि जिला ती द्यायचीच नव्हती तिने घेतली तर? आम्ही कुणावर लक्ष ठेवायचं?"

आता दोघींचेही चेहरे उतरले. सुनंदाने हळूच विचारलं, "आता आम्हाला काढणार?"

गोळी विसरणारे बघितले होते, बेसिनमध्ये टाकून 'घेतली' म्हणून सांगणारे बघितले होते. त्यांना काढत नाहीत. पण गोळ्यांची भागी करणारं माझ्या उभ्या नोकरीत कुणी निघालं नव्हतं.

"ताई, काढायचं तर मला काढा," सुनंदा म्हणाली. "कल्पना माझी होती."

"खोटं बोलते! डबा माझा, कल्पना माझी. ताई, हिच्या मानेतली वाट बारीक होत चाललीय. इथे दर खेपेला बघतात. बाहेर गेली की कोण बघणार? पुन्हा कोणीतरी मेला लग्न कर सांगेल."

"आणि तुझ्याकडे कोण बघणार? दुकानातलं मशीन?"

गुन्हा आपलाच म्हणून दोन बायका तावातावाने भांडत होत्या. मी दोघींना घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आधी दोघींचा ईसीजी काढायला लावला. मग विचारलं, "या दिवसांत कधी छाती धडधडली? खरं सांगा."

"परवा," विद्या म्हणाली.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. माझ्या हातातलं पेन थांबलं. "केव्हा? काय करत होतात?"

"दुकानात होते. गिऱ्हाईक मला तोंडावर म्हणालं, समोरचा मसाला जास्त चांगला."

ईसीजी दोघींचे व्यवस्थित निघाले. मग मॅडम सुनंदाकडे वळल्या. "ह्यांचं मी समजू शकते. पण तुम्ही तर गणित शिकवता ना?"

"म्हणूनच केलं मॅडम," सुनंदा म्हणाली. "पूर्ण गोळीची अर्धी शक्यता घ्यायची, की अर्ध्या गोळीची पूर्ण खात्री? मी खात्री घेतली."

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. खिडकीतून फक्त पाण्याच्या टाक्या दिसतात. त्यांचे खांदे हलत होते ते मी पाहिलं, पण मी हे लिहिलंय असं त्यांना कुणी सांगू नये. वळल्या तेव्हा चेहरा कडक होता. "हे माझ्या हातात नाही. मला वर कळवावं लागेल. तोपर्यंत नवी बाटली, जिची तिने घ्यायची. आणि परब, तुमचे सगळे डबे लांब."

अशा अभ्यासाला बाहेरचे एक डॉक्टर असतात, आम्ही त्यांना पंच म्हणतो. कुणाच्या जिवाला धोका असेल तर फक्त ते देसाईंना विचारू शकतात, की कुणाला काय चाललंय. शिवाय नीतिसमितीलाही सगळं लिहून कळवावं लागतं. ते लिहायचं काम अर्थात माझं. "भागीतला मसाला" हे प्रकरण इंग्रजीत मांडणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. समितीतल्या एका सभासदांनी उलट विचारलं, की सदर मसाल्याचा औषधाच्या परिणामावर प्रभाव संभवतो काय? मी उत्तर दिलं, की मसाला गोळ्यांच्या केवळ पृष्ठभागावर होता. हे वाक्य लिहिताना माझी मान ताठ होती, आजही आठवलं की शरमेने खाली जाते.

उत्तर यायला वेळ लागला. तोवर सुनंदाचा फोन शाळा सुटल्यावर, विद्याचा दुकान उघडायच्या आधी. "आलं का गो काय?" मी कँटीनमध्ये देसाईंच्या समोर जाऊन बसले. काही बोलले नाही, नुसती बघत राहिले. त्यांनी ताट उचललं आणि लांबच्या टेबलावर गेले. तिथेही माझ्याकडे पाठ करून बसले.

पुढच्या तपासणीच्या सकाळी उत्तर आलं. दोघी अभ्यासात राहतील. आमच्या धंद्यात यामागे एक नियम आहे, बाहेरच्यांना तो उलटा वाटतो. कंप्युटरने ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं, मग त्याने गोळी घेतलेली असो, विसरलेली असो नाहीतर मैत्रिणीला वाटलेली असो. कारण चुकणाऱ्यांना काढत गेलं तर मागे फक्त शहाणी माणसं उरतील. तेवढ्यांवर सिद्ध झालेलं औषध, शहाणी माणसं नसलेल्या या शहराच्या काय कामाचं? एवढं नियमाप्रमाणे झालं. पण खाली पंचांचं आणखी एक वाक्य होतं: दोघींच्याही गोळ्या पूर्वीप्रमाणेच चालू ठेवाव्यात, काहीही बदल नको. शिवाय यापुढे नव्या प्रत्येक पेशंटला सांगायचं, की आपल्या गोळ्या दुसऱ्याच्या गोळ्यांत मिसळू नयेत. एका डब्यापायी सगळ्या अभ्यासाच्या सूचनांत भर पडली, हे कळल्यावर विद्याचा चेहरा पुरस्कार मिळाल्यासारखा झाला.

मी हे दोघींना वाचून दाखवलं तेव्हा सुनंदाच्या उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला होता. आधी तिने डोळे मिटून घेतले. विद्याने पदराने नाक पुसलं आणि "ह्या तुमच्या औषधांच्या वासाने होतं" असं म्हणाली. आणि मग सुनंदाने डोळे उघडले. वर्गात एखाद्या मुलाची पायरी चुकलेली दिसली की शिक्षक बघतात, तसं ती बघायला लागली.

"ताई, काहीही बदल नको?"

"नको."

"म्हणजे आमच्या दोन बाटल्यांत वेगवेगळं असतं, तर कुणाची तरी गोळी मधेच सुटल्यासारखी झाली असती. मग पंचांनी काहीतरी बदल सांगितला असता. तसं सांगितलं नाही. म्हणजे..."

"मला काहीच माहीत नाही," मी म्हणाले. खरोखरच माहीत नव्हतं. पंच काय विचार करतात हे आम्हाला कुणी सांगत नाही, आणि ती म्हणते तसंच असेल असंही नाही. पण तिच्या पायऱ्या ऐकताना माझं डोकं तिच्या एक पायरी पुढे पळालं होतं.

"ताईचं तोंड बघ," विद्या म्हणाली. "लाल झालं."

"उकडतंय."

"एसी चालू आहे गो."

मी रक्तदाबाच्या यंत्रावर नजर रोवून धरली. आकडे कधीचे स्थिर झाले होते, तरी मी ते वाचत राहिले. विद्या दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती. "म्हणजे दोघींना एकच? आणि मी मूर्खासारखी तीच गोळी त्याच गोळीत मिसळत होते?"

"शक्यता आहे," सुनंदा म्हणाली.

"पण एकच म्हणजे काय? खरी की पीठ?"

"ते काढता येत नाही. माहिती अपुरी आहे."

विद्याने विचार केला. "पीठ असेल तर? एवढी सगळी बोलणी खाल्ली ती पिठासाठी?"

मी पट्टा सोडला. सुनंदा बाही खाली करत होती. माझ्याकडे न बघता, विद्याकडेही न बघता ती म्हणाली, "पीठ तर पीठ. मला चालेल. तुला खरी आणि मला पीठ, हेही मी चालवून घेतलं असतं. मला खरी आणि तुला पीठ, ते मात्र नको होतं."

विद्याने सुनंदाची पर्स उचलून तिच्या मांडीवर आपटली.

"गप बस. मोठी आली गणितवाली," ती म्हणाली. "ऊठ आता, माझी नाडी राहिलीय मोजायची."